यादीतून कमी केलेले देवरे

मी पीटीचा मास्तर. चौतीस वर्षं शाळेत मुलांना पळवलं, उठाबशा काढायला लावल्या, आणि भूत-पिशाच्च, करणी, उतारा असल्या गोष्टींवर एका दिवसासाठीही विश्वास ठेवला नाही. आमच्या शाळेमागच्या चिंचेवर मुंजा आहे असं शिपाई सांगायचे. मी दर गॅदरिंगला त्याच चिंचेच्या बुंध्याशी रस्सीखेच घ्यायचो. मुंजाने कधी दोर ओढला नाही.

तर हे वाचणाऱ्यांनी भुताची गोष्ट म्हणून वाचू नये. यात भूत नाही... एक जिवंत माणूस आहे, आणि आम्ही बाकीचे आहोत. नावं बदलली आहेत. जे झालं ते तसंच लिहितोय. त्यात मी चांगला दिसत नाही, पण तो दोष लिहिण्याचा नाही.

मैदान नाशिकातलं, शहराच्या अगदी मधलं. नाव लिहीत नाही, ओळखलंत तर मनात ठेवा. इंग्रजांच्या काळात साहेब लोक तिथे घोडे फिरवायचे म्हणतात. त्या वेळचा दगडी पॅव्हिलियन अजून आहे – पाच रुंद पायऱ्या आणि वर लाकडी कठडा. एका बाजूला क्रिकेटची नेट्स, कडेने चालायचा ट्रॅक. पावसाळ्यानंतर दोन महिने मैदान मैदानासारखं असतं. दिवाळी झाली की भाड्याने जायला लागतं. आज फर्निचरचं प्रदर्शन, मग सर्कस, मग कोणाचं तरी लग्न, मग सभा. एका मांडवाचे खड्डे बुजायच्या आत दुसऱ्याचे खांब रोवले जातात. जानेवारीत मोठं कृषी प्रदर्शन असतं. निफाड, दिंडोरीकडची द्राक्षवाली मंडळी फवारणीचे ट्रॅक्टर आणि ठिबकच्या नळ्या बघायला लोटतात. त्या वेळी सगळं मैदान पत्र्यांनी बंद होतं आणि एकच गेट उरतं.

सकाळी चालणाऱ्या आमच्या ग्रुपने यावर भांडून एक सवलत मिळवली होती. प्रदर्शनवाले आम्हाला गळ्यात घालायचे पास द्यायचे. सकाळी सहा ते नऊ, फक्त यादीतल्या माणसांना. यादी द्यायची मी. ग्रुपचा पुढारी मीच होतो, कोणी नेमलं नव्हतं तरी.

आम्ही तेवीस जण. साडेसहाला चक्कर, सातला पॅव्हिलियनसमोर गोल, थोडे हात-पाय हलवायचे, मग सोमनाथचा चहा. गोलात उभं राहिलं की आधी गिनती. ही सवय मी शाळेतून आणलेली. प्रत्येकाला कायमचा नंबर होता आणि त्याने तो मोठ्याने म्हणायचा. ज्याचा नंबर आला नाही त्याच्या घरी त्याच दिवशी फोन जायचा. म्हातारी माणसं, कोण कधी बाथरूममध्ये पडून राहील सांगता येत नाही. पद्धत चांगल्या हेतूनेच सुरू झाली होती.

चौदा नंबर देवऱ्यांचा. दिनकर देवरे, मूळचे सटाण्याकडचे, नाशिक रोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमधून रिटायर झालेले. बायको गेल्यावर मुलाकडे, कॉलेज रोडला राहायला आले. माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. माणूस वाईट नव्हता, कंटाळवाणा होता. प्रेसच्या गेटवर रोज कशी झडती व्हायची आणि झडती घेणाऱ्याने एकदा त्यांच्या डब्यातला ठेचा खाऊन कसं पाणी-पाणी केलं, ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली असेल. मैदानातल्या चार कुत्र्यांना ते रोज बिस्किटं घालायचे आणि प्रत्येक कुत्र्याला तीच गोष्ट सांगायचे, असं जाधव म्हणायचा. जाधव म्हणजे पंधरा नंबर. देवळाली कॅम्पला तोफखान्यात होता, आवाज अजून तिथलाच. ग्रुपचा विनोदवीर.

आता माझी चूक सांगतो.

जानेवारीतला शुक्रवार होता. संध्याकाळी मी स्कूटरवरून देवऱ्यांच्या बिल्डिंगसमोरून जात होतो. खाली वैकुंठरथ उभा, पंचवीस-तीस माणसं, आणि त्यांच्यात देवऱ्यांचा मुलगा नितीन मान खाली घालून उभा. देवरे दोन दिवस मैदानावर आले नव्हते, फोन केला तर बंद येत होता. मी काय ते समजलो. गाडी थांबवून एका माणसाला विचारायचं, एवढंच काम होतं. ते केलं नाही, कारण मला घरी जाऊन मेसेज टाकायची घाई झाली होती. आमच्या वयाच्या ग्रुपमध्ये भावपूर्ण श्रद्धांजली सगळ्यात आधी कोण टाकतो याची एक छुपी शर्यत असते. हसू नका, तुमच्याही ग्रुपमध्ये असेल. मी हार घातलेल्या दिव्याचं चित्र शोधलं, चार ओळी लिहिल्या, पाठवलं. पाच मिनिटांत वीस हात जोडले गेले. देवऱ्यांनी घरचा म्हणून स्वतःचाच नंबर दिलेला, नितीनचा नंबर कोणाकडेच नव्हता. दहाव्याला जाऊ असं ठरलं.

शनिवारी सकाळी गोलात दोन मिनिटं शांतता पाळली. मी भाषण केलं, आणि खरं सांगतो, चांगलं केलं. दोघा-तिघांनी डोळे पुसले. मग मी म्हणालो, चौदाच्या पुढच्यांनी एक-एक नंबर खाली या. जाधव चौदा झाला. त्याच दिवशी प्रदर्शनवाल्यांना यादी द्यायची होती. मी देवऱ्यांच्या नावावर आडवी रेघ मारली आणि बावीस नावं दिली.

सोमवारी देवरे आले.

गेलं होतं ते तळमजल्यावरचं कोणी वयस्कर. देवरे सटाण्याला बहिणीकडे गेले होते, फोन घरीच विसरून. कानटोपी, मफलर, हातात बहिणीने दिलेल्या शेवेची पिशवी – असे ते पत्र्याच्या गेटवर उभे, आणि गार्ड त्यांना आत सोडेना. पास नाही, यादीत नाव नाही. मला बघून ते खुश झाले. "सर, सांगा ना याला," म्हणाले.

त्या क्षणी मला काय वाटलं ते स्पष्ट सांगतो. आनंद झाला नाही. लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून राग आला. मागे जाधव आणि चार-पाच जण तोंडं उघडी टाकून उभे होते. आता दिवसभर माझी फजिती, हे मला दिसत होतं. पडलो तरी नाक वर, हा माझा जुना स्वभाव. मी गार्डला म्हणालो, "आमच्या देवऱ्यांना आम्ही परवाच श्रद्धांजली वाहिली. हे कोण आहेत, आम्हाला माहीत नाही."

मग जाधव असा हसला की नेट्समधली पोरं वळून बघायला लागली. सगळेच हसले, देवरेसुद्धा. माझी फजिती टळली, आणि वड्याचं तेल वांग्यावर निघालं.

देवरे मागच्या बाजूला दोन पत्र्यांच्या फटीतून आत आले. गोलात आपल्या जागी उभे राहिले. गिनतीत तेरा झालं, त्यांनी "चौदा" म्हटलं, आणि त्याच वेळी जाधवही ओरडला, "चौदा!" मी पुढे पंधरा घेतलं. मयत माणसाला नंबर नसतो, असं मी जाहीर केलं. हशा. चहाच्या वेळी त्यांनी शेव पुढे केली तेव्हा जाधव म्हणाला, पिशवी हवेत तरंगतेय बघा. पुन्हा हशा. देवऱ्यांनीही मजा घेतली त्या दिवशी. बारावं जेवायला कधी येताय, म्हणून आम्हाला विचारत होते.

गंमत एक दिवसाची होती. मंगळवारी मी ती थांबवायला हवी होती. पण मंगळवारी एक गोष्ट आमच्या लक्षात आली... देवऱ्यांशी बोलायचं नाही म्हटल्यावर प्रेसची झडती ऐकावी लागत नाही. कोणी तसं बोलून दाखवलं नाही, पण सगळ्यांना बरं वाटत होतं. ते सुरू करायचे, आणि आम्ही त्यांच्या बोलण्यावरून आपापसात बोलत राहायचो. शाळेत पोरं एखाद्याला अशी वाळीत टाकायची तेव्हा मी त्यांना छड्या दिल्या आहेत.

बुधवारी गार्डने त्यांना पुन्हा अडवलं. मी यादीत नाव घालू शकलो असतो, एका ओळीचं काम होतं. उद्या घालू म्हटलं. परत निघताना देवऱ्यांनी मला पॅव्हिलियनच्या पायरीपाशी गाठलं. हसत नव्हते. "सर, आता पुरे करा," म्हणाले. मी जाधवकडे बघून डोळा मारला आणि चालत राहिलो. मागून त्यांचा आवाज आला, सटाण्याकडच्या त्यांच्या घरच्या बोलीत. इतक्या वर्षांत ते आमच्याशी त्या बोलीत कधी बोलले नव्हते.

"सर, मी जित्ता शे."

हा मी ऐकलेला त्यांचा शेवटचा आवाज.

गुरुवारी मी गेटपाशी पास दाखवत उभा होतो. देवरे आले. बिनपासाचे, गार्डच्या समोरून, त्याच्या खांद्याला जवळजवळ घासून आत गेले. त्याने मान वर केली नाही. माझा पास मात्र उलटा-सुलटा करून बघितला. मला वाटलं, चला, गार्डलाही दया आली. आत कुत्री थंडीने मुटकुळं करून पडली होती. देवऱ्यांनी बिस्किटं टाकली. एरवी त्यांची चाहूल लागली तरी ती कुत्री चौखूर धावत यायची. त्या दिवशी एकानेही कान हलवला नाही. बिस्किटं त्यांच्या नाकासमोर पडून राहिली. देवरे वाकून एकेकाला थोपटत होते आणि कुत्री झोपेत अंग झटकत होती, माशी बसल्यावर झटकतात तेवढंच.

कुत्र्यांना आमची गंमत कोणी सांगितली होती?

मी सोमनाथला विचारलं, देवरे काकांना चहा का दिला नाही. तो म्हणाला, "कोन, देवरे काका? नाय दिसले, सर. आज आलेच नाय ते." देवरे त्याच्या किटलीपासून दोन हातांवर उभे होते. माझ्या पाठीतून थंडी गेली, आणि निफाडचा पारा त्या आठवड्यात खाली होता म्हणून गेली असं मी स्वतःला समजावलं.

शुक्रवारी मी ठरवून गेलो. गोल झाल्यावर म्हणालो, बस झाली गंमत, देवऱ्यांची मी सगळ्यांदेखत माफी मागतो, देवरे चौदा घ्या, जाधव पंधरा. देवरे तेरा आणि जाधवच्या मधे उभे होते. त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही. जाधव इकडे-तिकडे बघून म्हणाला, "सर, कोणाची माफी मागताय? ते बुधवारनंतर आलेच नाहीत. रुसलेत." बाकीच्यांनी माना हलवल्या. मला वाटलं, हे सगळे मिळून आता माझी खेचतायत. मी व्यायाम सुरू केला. हात बाजूला म्हटल्यावर जाधवचा हात सटकन देवऱ्यांच्या छातीवर बसला. देवरे कळवळून मागे सरकले. जाधव आपलं मनगट चोळत म्हणाला, थंडीने नस आखडली वाटतं.

जाधव इतका चांगला नट नाही.

गोल मोडल्यावर मी देवऱ्यांना पॅव्हिलियनच्या मागे नेलं आणि त्यांचं मनगट धरलं. पीटीच्या मास्तरला नाडी बघता येते. नाडी चालू होती, जरा जोरातच. हात ऊन होता. गालावर दाढीचे खुंट वाढले होते. ते काहीतरी भराभर बोलत होते आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मग त्यांनी चार बोटं एकत्र करून तोंडाशी नेली. भूक.

मी तसाच त्यांच्या घरी गेलो, त्यांना बरोबर घेऊन. नितीनने दार उघडलं. देवरे त्याच्या शेजारून आत गेले आणि हॉलमधल्या आपल्या खुर्चीत बसले, बूट घालूनच. नितीन म्हणाला, बाबा परत आत्याकडे गेलेत, रागावून. बुधवारी रात्री जेवायला आले नाहीत तेव्हा आम्हाला कळलं. तुम्ही लोकांनी थट्टा केली म्हणे त्यांची. फोन पुन्हा इथेच ठेवून गेलेत. शेल्फवर फोन होता. आत्याकडे चौकशी केली का विचारलं, तर म्हणाला, राग गेला की येतील, दरवेळचं आहे त्यांचं. तेवढ्यात सूनबाई बादली घेऊन आली. गॅलरीत जागा नसावी. तिने ओला टॉवेल झटकला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला. तो देवऱ्यांच्या डोक्यावरून, तोंडावरून खाली आला. तिने दोन्ही टोकं नीट सारखी केली. देवरे हलले नाहीत. टॉवेलखाली बसून राहिले.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, नितीन, ते या खुर्चीत बसलेत.

नितीन शांत मुलगा आहे. त्याने आवाज चढवला नाही. "सर, एकदा तुम्ही त्यांना मारलंत," तो म्हणाला, "आता खुर्चीत बसवताय. पुरे करा." आणि दार उघडून उभा राहिला.

त्याचं चुकलं नाही. ज्याने जिवंत माणसाला मेला म्हणून सांगितलं, त्याने तोच माणूस समोर बसलाय म्हटलं तर कोण ऐकेल?

मी देवऱ्यांना बाहेर आणलं आणि कोपऱ्यावरून केळी घेतली. गाडीवर घड समोरच होता. त्यांनी आधी स्वतः हात घातला, पण बोटं नुसतीच सालीवरून फिरली, केळं उचललं गेलं नाही. मी एक सोलून त्यांच्या हातात दिलं, तेव्हा ते आलं त्यांच्या हातात. दोन घासांत संपवलं. मग मी दुसरं दिलं. तेव्हा मला कळलं. मेलेल्या माणसाला आपणहून घेता येत नाही. त्याला द्यावं लागतं. आपल्याकडे पान वाढून ठेवतात ते उगाच नाही. आम्ही गंमत म्हणून त्यांना जिथे ढकललं होतं तिथले नियम त्यांना लागू झाले होते, आणि हा माणूस मेलेला नव्हता. त्याला भूक लागत होती.

असे पाच दिवस गेले, बुधवारपर्यंत. मी सकाळी घरून डबा न्यायचो. आमच्या हिला सांगितलं, जाधवला थालीपीठ आवडतं. संध्याकाळी पुन्हा काहीतरी घेऊन जायचो. प्रदर्शनाच्या गर्दीत, ट्रॅक्टरच्या स्टॉलमागे देवरे माझी वाट बघत उभे असायचे. घरी जात नव्हते. टॉवेलनंतर नाही गेले. पॅव्हिलियनमध्येच झोपत असावेत. मी तुकडे करून हातात द्यायचो, ते खायचे, आणि पूर्ण वेळ बोलायचे. मी नुसता मान डोलवायचो. ठेच्याची गोष्ट सांगत असतील तर ती मला ऐकायची होती... खरंच ऐकायची होती. घरी या म्हटलं तर नको म्हणायचे, हात हलवून. का ते आता कळतं. माझ्या घरीही माझ्या बायकोला ते दिसले नसते आणि हे त्यांना पुन्हा बघायचं नव्हतं.

पण मी एकटाच हवेत हात पुढे करून मान डोलवतो, हे मैदानात लपून राहणार नव्हतं. मंगळवारपासून कुजबुज ऐकू यायला लागली. आमच्या हिच्या कानावरही गेलं. डॉक्टरकडे चला म्हणाली. आणि गुरुवारी सकाळी गोलात, गिनतीच्या आधी, जाधव हसत-हसत म्हणाला, "सर आता देवऱ्यांकडेच जास्त असतात. आजपासून सरांचाही नंबर कमी करू या."

सगळे हसले. तेच हसू, बरं का. ते हसू मी ओळखत होतो, मीच ते सुरू केलं होतं. कोणीतरी "एक" म्हणालं आणि तो मी नव्हतो. दोन नंबरचा माणूस गमतीने एक म्हणाला होता, तिसऱ्याने दोन म्हटलं, आणि गिनती माझ्याशिवाय गोलभर फिरायला लागली. मी आयुष्यात इतका घाबरलो नाही. कुत्री डोळ्यांपुढे आली, टॉवेल डोळ्यांपुढे आला.

देवरे पॅव्हिलियनच्या पायऱ्या उतरून आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. आदल्या संध्याकाळी आमच्या हिने मला बाहेर सोडलं नव्हतं, त्यामुळे काल सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. त्यांनी दोन्ही हात ओंजळीसारखे पुढे केले.

माझ्या हातात डबा होता. मी तो उघडला आणि त्यांच्या खांद्यावरून हात लांब करून जाधवला दिला. "वेड लागलंय का मला?" मी म्हणालो. "तुमच्या सगळ्यांसाठी आणलंय. खा."

जाधवने घेतलं. डबा गोलात फिरला. सगळे चांगलं झालंय म्हणाले. एक तुकडा माझ्याकडे परत आला, तोही मी खाल्ला, देवऱ्यांच्या समोर उभा राहून, त्यांच्या तोंडाकडे न बघता. कोणीतरी म्हणालं, नाही बाबा, सर ठणठणीत आहेत. मला माझा नंबर परत मिळाला. मी मोठ्याने "एक" म्हणालो आणि मान वळवली तर समोर कोणी नव्हतं.

त्या दिवसापासून मला देवरे दिसलेले नाहीत.

पुढचं थोडक्यात. चार दिवसांनी नितीनच्या आत्याचा फोन आला, दादा कसा आहे म्हणून. ते तिच्याकडे गेलेच नव्हते. मग मिसिंगची तक्रार झाली, शोधाशोध झाली, विहिरी-नदी सगळं झालं. काही सापडलं नाही. मी स्वतःहून डॉक्टरांकडे गेलो. डोळे तपासले, डोक्याचे फोटो काढले. अपराधीपणामुळे माणसाला असं दिसू शकतं, असं ते म्हणाले. मला ते पटलं. पटवून घ्यायला मी उत्सुकच होतो.

मग एका रविवारी नितीन घरी आला. ट्रॅक्टरच्या स्टॉलवर कॅमेरा होता, त्याचं चित्रण त्याने मिळवलं होतं. मोबाईलवर मला दाखवलं. मी स्टॉलमागे एकटा उभा आहे, मान डोलवतोय. डब्यातून थालीपीठाचा तुकडा काढतो, हात पुढे करतो, हात मागे घेतो. हातात तुकडा नाही. खाली पडलेला नाही, मी तोंडात टाकलेला नाही. नितीनने ते थांबवून-थांबवून बघितलं होतं. जमीन स्वच्छ आहे. पुन्हा तुकडा, पुन्हा हात, पुन्हा रिकामा. डॉक्टरांना नंतर हे दाखवलं तर ते म्हणाले, चित्र अस्पष्ट आहे. तेवढं अस्पष्ट नाही.

नितीनने मोबाईल खिशात ठेवला. मग विचारलं, "बाबा तिथे होते ना, सर?"

"होते," मी म्हणालो.

"मग द्यायचं बंद का केलंत?"

मी उठून त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेलो. का बंद केलं ते तुम्ही वर वाचलंच आहे. बावीस माणसांनी एखाद्याला नाही म्हटलं तर तो नाहीसा होतो का, होत असेल तर रोज कितीतरी घरांत कितीतरी माणसं का होत नाहीत, की होतात... मला माहीत नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणाला यातलं काही कळत असेल तर जरूर सांगा. फक्त शांती करा, नारळ फोडा असं सांगू नका. ते मेलेले नाहीत. निदान मी शेवटचं बघितलं तेव्हा नव्हते.

मी आता रोज लवकर जातो, कोणी यायच्या आत, आणि पॅव्हिलियनच्या पायरीवर डबा उघडून बसतो. आमची ही काही विचारत नाही, दोन थालीपीठं जास्त करून देते. ठेवून दिलं तर कुत्री खातात. ठेवून उपयोग नाही हे मला माहीत आहे, त्यांच्या हातातच द्यावं लागतं. म्हणून मी तुकडा धरून हात पुढे करतो, जरा डावीकडे, मग जरा उजवीकडे, दंड भरून येईपर्यंत. त्यांचा हात कुठे आहे ते मला दिसत नाही.